भाकर, पाणी आणि झोप

आईच्या आजारपणातली ही नववी रात्र. सकाळी हॉस्पिटलमधून निघाले आणि घरी जायचं सोडून ठाण्यातल्या तलावपाळीजवळच्या सेंट जॉन द बॅप्टिस्ट चर्चमध्ये जाऊन बसले. प्रार्थनेला शब्दच सुचेनात. बाकावर डोकं टेकवलं आणि तिथंच झोप लागली.

जाग आली तेव्हा शेजारी एक मावशी जपमाळ ओढत होत्या. काही न विचारता त्यांनी पाण्याची बाटली पुढे केली, पर्समधून बटरचा पुडा काढला.

मला एकदम बायबलमधला संदेष्टा एलीया आठवला. राजे १ हे पुस्तक, अध्याय १९. थकून रानात झुडपाखाली पडला आणि म्हणाला, देवा, पुरे आता. देवाने त्याला रागावलं नाही. दूत पाठवला, निखाऱ्यावरची भाकर आणि पाणी दिलं. त्याने खाल्लं आणि पुन्हा झोपला. दूत दुसऱ्यांदा आला, पुन्हा खाऊ घातलं. पुढची वाट मोठी होती, होरेब डोंगरापर्यंत ४० दिवस. उपदेश नाही, आधी जेवण. किती आईसारखं आहे हे!

खूप दिवसांनी रडले, मोकळी झाले. मावशींनी आईचं नाव विचारून घेतलं, संध्याकाळच्या मिस्सात, म्हणजे चर्चमधल्या उपासनेत, तिच्यासाठी प्रार्थना करणार म्हणाल्या.

रात्री परत आईजवळ आहे. ती शांत झोपलीय.