हिप्परगा ते हत्तरसंग कुडल : कुरवांच्या मागावर

सोलापुरातून तुळजापूर रस्त्याला लागलं की थोड्याच वेळात हिप्परग्याचा तलाव येतो. एकरुख तलाव म्हणतात तो हाच, १८७१ साली आदिला नदी अडवून बांधलेला. जानेवारीची सकाळ, सिद्धेश्वराच्या गड्डा यात्रेचे दिवस. मावसभाऊ आणि मी उजाडायच्या आत बांधावर पोचलो. पाण्यावर वारकरी पक्ष्यांचे काळे थवे होते, काठाच्या चिखलात शेकाटे फिरत होते. आम्हाला मात्र कुरव, म्हणजे सीगल, बघायचे होते.

तपकिरी डोक्याचा कुरव उन्हाळ्यात लडाख-तिबेटकडच्या उंच सरोवरांवर पिल्लं वाढवतो आणि थंडीत खाली उतरतो. काही थवे मुंबई-कोकणच्या किनाऱ्यावर जातात, काही आपल्या धरणांवर मुक्काम करतात. समुद्राचा म्हणून ओळखला जाणारा हा पक्षी आपल्याकडेही हक्काने येतो, याचं मला फार अप्रूप आहे. हिवाळ्यात त्याचं डोकं पांढरंच असतं, डोळ्यामागे तेवढा काळसर ठिपका.

तलावावरच्या थव्यातला एक कुरव पाण्यावर उतरला, तरंगणारं काहीतरी चोचीत धरून उडाला, दोन हिसडे दिले आणि टाकून दिलं. दुर्बीण लावली तर पाण्याचं रिकामं पाऊच!

हा कुरव वाचला. त्याने ते गिळलं असतं तरी कदाचित ओकून टाकलं असतं. न पचणारं ओकायची कुरवांना सवयच असते. खोल समुद्रावर जगणाऱ्या वादळपक्ष्यांचं (पेट्रेल) तसं नाही. त्यांच्या जठराची रचना अशी, की गिळलेला तुकडा आत दीर्घकाळ अडकून राहतो. प्रशांत महासागरातल्या मिडवे बेटावर त्यांच्याच गोतावळ्यातल्या अल्बट्रॉसची पिल्लं मरून पडतात, तेव्हा त्यांच्या पोटात बाटल्यांची झाकणं आणि लायटर सापडतात. आईबापांनी अन्न समजून भरवलेले. पक्षी फसतात ते नुसते रंगाला नाही. समुद्रात पडलेल्या प्लास्टिकवर शेवाळ चढतं आणि त्याला डायमिथाइल सल्फाइड या रसायनाचा वास येऊ लागतो. हाच वास हुंगत हे पक्षी भक्ष्य शोधतात. २०१६ साली संशोधकांनी हे दाखवून दिलं. पक्ष्याचं नाक बरोबरच असतं, समुद्रात नको ते आपण मिसळलंय.

आणखी एक अभ्यास माझ्या डोक्यातून जात नाही. ऑस्ट्रेलियातल्या संशोधकांनी १,७३३ मेलेले समुद्रपक्षी तपासले आणि २०१९ मध्ये निष्कर्ष मांडला, की कडक प्लास्टिकपेक्षा फुग्याचा तुकडा गिळला तर मरण्याचा धोका ३२ पट जास्त. मऊ तुकडा आतड्यात घट्ट बसतो. आदल्या संध्याकाळी गड्ड्यावर लेकरांच्या हातात फुगेच फुगे बघितले होते, ते आठवून पोटात कालवलं.

हिप्परग्याहून विजापूर रस्ता धरला. मंद्रूप मागे टाकून हत्तरसंग कुडलला आलो. आदिला सीनेला मिळते आणि सीना इथे भीमेला. संगमेश्वराच्या मंदिरातला शके ९४० चा शिलालेख म्हणजे मराठीच्या अगदी जुन्या लेखांपैकी एक. शेजारचं बहुमुखी शिवलिंगही बघण्यासारखं आहे. घाटावर उतरलो आणि मन खट्टू झालं. निर्माल्य कॅरीबॅगेसकट पाण्यात सोडलेलं, माव्याच्या पुड्या, आणि दगडांत गुंतलेलं तंगूसचं (नायलॉनच्या दोऱ्याचं) जाळं.

जाळी सुकवत बसलेल्या काकांना विचारलं. ते म्हणाले, "पूर आला की वरचं समदं हितंच येतंय बघा. पाणी उतरलं की वेड्या बाभळीला पिशव्याच पिशव्या." खरंच, काठच्या बाभळींवर पुरुषभर उंचीला चिंध्या लोंबत होत्या. पुराची खूण तिथे लिहून ठेवायची गरज नव्हती.

इथून भीमा कर्नाटकात जाऊन कृष्णेला मिळते आणि कृष्णा बंगालच्या उपसागराला. वाटेत श्रीशैलम, नागार्जुनसागर अशी मोठी धरणं आहेत, त्यामुळे सोलापूरची प्रत्येक पिशवी समुद्रात पोचते असं मी म्हणणार नाही. पण अडकली म्हणजे संपली असंही नाही. उन्हात तिचा भुगा होतो, तो पाण्यात राहतो. आणि पक्ष्याचं मरण कचरा समुद्रात पोचेपर्यंत वाट बघत नाही. आमच्यासमोरच नदी सुरय सूर मारून मासे उचलत होता. पिवळी चोच, दुभंगलेली शेपटी, देखणा पक्षी. २०२० पासून त्याची गणना जगभरच्या संकटग्रस्त पक्ष्यांत होते. घाटावरच्या तंगूसात त्याचा पाय अडकला तर सुटायचा कसा?

काकांकडे कोयता होता. दगडांतलं जाळं त्यांच्याबरोबर कापून काढलं आणि पोत्यात भरून गाडीत टाकलं.

तुम्ही जाणार असाल तर कुरवांसाठी डिसेंबर-जानेवारी बरा, हिप्परग्याला सकाळी लवकर पोचा. कुडलला मार्चनंतर गेलात तर नदीतल्या वाळूच्या बेटांवर पाय ठेवू नका. सुरय उघड्या वाळूवरच अंडी घालतात आणि ती वाळूसारखीच दिसतात.