एका जेफेटचा शॉर्टवेव्ह

उद्यमनगरातल्या मोटर वायंडिंगच्या दुकानात मी २२ गेजची इनॅमलची तार दोन मीटर मागितली, तेव्हा किलोच्या हिशेबाने तार विकणाऱ्या दुकानदाराने संपत आलेल्या रिळावरचा तुकडा काढून तसाच हातावर ठेवला. माझ्या शॉर्टवेव्ह रिसीव्हरची, म्हणजे लघुलहरींवरची स्टेशने पकडणाऱ्या घरगुती रेडिओची, सुरुवात अशी फुकटात झाली.

हा रिसीव्हर रिजनरेटिव्ह जातीचा. त्याचे पेटंट एडविन आर्मस्ट्राँग यांना १९१४ साली मिळाले. एरियलवर आलेला क्षीण संकेत वाढवून त्यातला थोडा हिस्सा एका छोट्या गुंडाळीतून पुन्हा मूळ गुंडाळीकडे परतवला जातो. त्यामुळे ट्यून्ड सर्किटमध्ये (स्टेशन निवडणाऱ्या गुंडाळी आणि कपॅसिटरच्या जोडीत) वाया जाणारी ऊर्जा भरून निघते, आवाज कितीतरी पटींनी वाढतो आणि शेजारची स्टेशने बाजूला पडतात. एवढे काम एकटा जेफेट, म्हणजे एका जातीचा ट्रान्झिस्टर, करतो, याचे मला अजूनही नवल वाटते.

२५ मिमीच्या पीव्हीसी पाइपवर बारा वेढ्यांची मुख्य गुंडाळी घातली आणि तिच्या खालच्या टोकाशी तीन वेढ्यांची टिकलर, म्हणजे संकेत परतवणारी ती छोटी गुंडाळी. जुन्या रेडिओतला गँग (स्टेशन लावायचा फिरता कपॅसिटर), बीएफडब्ल्यू १० हा जेफेट, हेडफोनसाठी एलएम ३८६ ही आवाज वाढवणारी चिप आणि नऊ व्होल्टची बॅटरी, एवढाच बाकीचा ऐवज. दोन संध्याकाळी सेट मुकाच राहिला. मी सोल्डरिंगचे सगळे जोड पुन्हा तापवले, जेफेटही बदलला, आणि मग लक्षात आले की टिकलरची टोके उलटी जोडल्यामुळे परतणारा संकेत मूळ संकेताला बळ देण्याऐवजी त्यालाच मारत होता. टोकांची अदलाबदल करून रिजनरेशन कमी-जास्त करणारा पॉट हळूहळू फिरवला, तर आधी हलकी फसफस उमटली आणि पुढे शिट्टी.

सारी खुबी या दोन आवाजांमधल्या केसभर जागेत आहे. प्रक्षेपण केंद्रे शिट्टीच्या किंचित अलीकडे सर्वांत चांगली लागतात. ७ ते ७.२ मेगाहर्ट्झवरच्या हौशी रेडिओवाल्यांचे एसएसबी (वाहक लहर काढून एकाच बाजूपट्टीवर पाठवलेले) बोलणे मात्र शिट्टीच्या पलीकडे, सर्किट स्वतः दोलू लागल्यावरच उमगते, एरवी ते बदकांच्या कलकलाटासारखे वाटते. दोलणारा सेट एरियलमधून बारीकसे प्रक्षेपणही करतो, म्हणून एरियलनंतर संकेत मागे जाऊ न देणारा एक वेगळा बफर टप्पा घालणे शेजारधर्माला धरून होईल. मी तो अजून घातलेला नाही. बोट जवळ नेले तरी स्टेशन सरकत असे, ते बिस्किटांच्या डब्याचा पत्रा पुढे लावून अर्थला जोडल्यावर थांबले.

उरली ती एलईडी दिव्यांची आणि चार्जरची गुरगुर. विजा कडाडत असल्या की मी गच्चीवरचे एरियल काढून ठेवतो. पण परवा नुसताच पाऊस होता आणि आमच्या गल्लीचे लाइट गेले. बॅटरीवरचा सेट चालूच होता. गुरगुर एकदम थांबली आणि चाळीस मीटरवर, म्हणजे त्याच ७ मेगाहर्ट्झच्या पट्ट्यात, दोघे जण एकमेकांना पावसाचे मान विचारताना स्वच्छ ऐकू आले. लाइट पाऊण तासाने आले. तोवर मी मेणबत्तीही लावली नव्हती.