याकोबाची वाट

बायबलमधल्या ‘प्रेषितांची कृत्ये’ या पुस्तकाचा बारावा अध्याय मी कित्येक महिने उघडला नव्हता. हेरोद राजाने योहानाचा भाऊ याकोब, येशूचा शिष्य, याला तरवारीने मारलं, हे तिथे एका ओळीत उरकलेलं आहे. मग दुसरा शिष्य पेत्र याला तुरुंगात टाकतात, ख्रिस्ती मंडळी त्याच्यासाठी कळकळीने प्रार्थना करते, देवदूत येतो, साखळ्या गळून पडतात, लोखंडी दरवाजा आपोआप उघडतो. याकोबासाठी कुणी प्रार्थना केली नसेल का? केलीच असणार.

माझा धाकटा भाऊ गेला आणि शेजारच्या खाटेवरचा माणूस बरा होऊन घरी गेला. पाळकांनी दोघांची नावं एकाच रविवारी, एकाच प्रार्थनेत घेतली होती. ‘देवाची इच्छा’ हे नंतर इतक्या जणांनी ऐकवलं, की कुणी सांत्वनाला आलं की मी आतल्या खोलीत निघून जायचे.

याकोबाच्या वाटेला लागले ते त्यामुळेच. स्पेनच्या वायव्येला सांतियागो दे कोंपोस्तेलाच्या कॅथेड्रलमध्ये त्याची कबर आहे अशी परंपरा आहे आणि हजार वर्षांहून जास्त काळ लोक तिथे चालत जाताहेत. मी प्रोटेस्टंट घरातली. संतांच्या अस्थींचं आमच्यात फारसं महत्त्व नाही आणि त्या अस्थी खरंच त्याच्या का, या वादात मला रसही नव्हता. जो सुटला नाही, त्याच्याकडे जायचं होतं, एवढंच. फ्रान्सच्या सीमेपासूनची अख्खी वाट साधारण 780 किलोमीटरची. मी आस्तोर्गा गावापासून सुरुवात केली. तिथून 260 च्या आसपास उरतात.

वाटेवर भिंतींवर, खांबांवर, दगडांवर पिवळे बाण रंगवलेले असतात. एक बाण दिसला की पुढच्या बाणापर्यंतचं कळतं, त्यापलीकडचं नाही. तेव्हा मला झेपत होतं तेही तेवढंच.

फोन्सेबादोनच्या पुढे, सुमारे 1500 मीटर उंचीवर, लाकडी खांबावर एक लोखंडी क्रूस आहे. लोक घरून आणलेला दगड त्याच्या पायथ्याशी ठेवतात. आता त्याची टेकडीच झाली आहे. जवळ गेलं की दगडांवर लिहिलेली नावं दिसतात. प्लॅस्टिकमध्ये गुंडाळलेले फोटो, दवाखान्यात मनगटाला बांधतात ती पट्टी, लहान मुलाचा एकच बूट. मीही भावाच्या नावाचा दगड ठेवला. तिथे मन हलकं होतं म्हणतात. माझं काही झालं नाही. पाठीवरची पिशवीही तेवढीच जड होती, कारण दगड लिंबाएवढाच होता.

जे झालं ते पुढे, ओ सेब्रेइरोच्या चढानंतर. पावसात भिजून यात्रेकरूंच्या धर्मशाळेत पोचले. वरच्या खाटेवर कुणीतरी घोरत होतं, झोप येईना, म्हणून फोनवर बायबलमधलं मार्कचं शुभवर्तमान काढलं. जब्दीचे मुलगे याकोब आणि योहान येशूकडे उजवी-डावीकडची जागा मागतात. तो विचारतो, मी पिणार आहे तो प्याला तुम्हांला पिता येईल का? येईल, म्हणतात दोघे, एका दमात. हाच याकोब पुढे, येशूला पकडतात त्या रात्री, गेथशेमाने बागेत येशूपासून थोड्या अंतरावर चक्क झोपतो. आणि येशू तिकडे जमिनीवर पडून बापाला विनवतो, हा प्याला माझ्यापासून दूर कर.

प्याला, म्हणजे समोर आलेलं मरण, दूर होत नाही. हे मी लहानपणापासून दर गुड फ्रायडेला ऐकत आले होते. पण भावाच्या खाटेशी बसून मी जे मागितलं तेच येशूने मागितलं होतं आणि त्यालाही ते मिळालं नव्हतं, हे त्या घोरण्यात पहिल्यांदा माझ्यापर्यंत पोचलं. ‘का’ याचं उत्तर यात नाही, आणि कुणी ते यातून काढून दाखवलं तर मी आजही आतल्या खोलीत जाईन. पण ज्याच्यापुढे बोलायचं, तो पलीकडच्या काठावरून बघणारा नाही एवढं कळलं. त्या रात्री मी प्रार्थना केली. निम्मी भांडणच होती.

सारिया गावानंतर गर्दी वाढते. यात्रा केल्याच्या प्रमाणपत्रासाठी किमान 100 किलोमीटर चालावं लागतं, म्हणून पुष्कळ जण तिथूनच सुरू करतात. पोर्तोमारीनचं मूळ गाव 1960 च्या दशकात धरणात बुडालं. त्याआधी तिथलं चर्च दगडागणिक आकडे टाकून उतरवलं आणि वर टेकडीवर पुन्हा रचलं. आकडे अजून दिसतात. काहींवरून मी बोट फिरवलं. गाव होतं तसं परत मिळालं असं तिथे कुणी म्हणत नाही.

सांतियागोत वेदीखाली अरुंद पायऱ्या उतरून गेलं की जाळीपलीकडे चांदीची पेटी दिसते. मागे रांग असते, फार वेळ उभं राहू देत नाहीत. मी याकोबाला काही मागितलं नाही.

बाहेर ओब्रादोइरो चौकात लोक बूट काढून दगडी फरशीवर आडवे झाले होते. तिथूनच मी त्या शेजारच्या खाटेवरच्या माणसाच्या बायकोला फोन लावला. त्यांचे फोन मी इतके दिवस उचलले नव्हते. त्यांचा आवाज ऐकवला नसता. म्हणाल्या, “ताई, हे बरे आहेत, पण पुढच्या महिन्यात पुन्हा तपासणी आहे. रात्र रात्र झोप लागत नाही हो.” पेत्रही त्या रात्री सुटला खरा, पण पुढे त्यालाही रक्तसाक्षी व्हावं लागलं, असं मंडळीची परंपरा सांगते. हे मी त्यांना अर्थातच बोलले नाही. तपासणीची तारीख विचारून घेतली आणि म्हटलं, त्या दिवशी मी येते सोबत.