डावीकडची लिफ्ट

रविवार, रात्रीचे साडेदहा

दुपारी भावाची मुलगी आली होती. आठवीत आहे. शाळेत वक्तृत्व स्पर्धा, विषय 'संस्कार, शिक्षण आणि समाज', वेळ चार मिनिटं. भाषण मोबाइलवरून उतरवूनच आणलं होतं. पहिलंच वाक्य: 'संस्कारांची शिदोरी आयुष्यभर पुरते.' मी म्हटलं, छान आहे. तर म्हणते, "आत्या, पण त्या शिदोरीत असतं काय?"

मला उत्तर सुचलं नाही. खरं लिहायचं तर मी चहा टाकायला उठले.

आधण उकळत असताना आजी आठवली. पंचवटीतला आमचा वाडा, ओसरी, ओसरीवर आजी. शाळेचं तोंड न पाहिलेली. पोस्टात पैसे काढायला गेली की कागदावर अंगठा उमटवायची आणि शाईचं बोट तिथल्या तिथे केसांना पुसायची. मला लाज वाटायची. १९९१ च्या सिंहस्थात मी बारा वर्षांची होते. महिनाभर ओळखीपाळखीचं नसलेलं कोण कोण आमच्या ओसरीवर पिठलं-भाकरी खाऊन गेलं, त्याचा हिशेब नाही. भाषा कळायची नाही, तरी आजी विचारायची, "आणखी वाढू?" दारी आलेला उपाशी गेला तर तिला रात्री झोप लागायची नाही. माझ्या अंगात जे काही आदरातिथ्य आहे ते तिचं.

याच आजीकडे पाणी द्यायची दोन तऱ्हेची रीत होती. काहींना तांब्या-भांडं. काहींना तिने वरून ओतायचं आणि त्यांनी ओंजळीने प्यायचं. कोणाला कसं, हे तिला विचारावं लागत नसे, आणि पाहून पाहून सातव्या वर्षी मलाही समजायला लागलं होतं. कोणी शिकवलं नाही. पिठल्यात मीठ किती घालायचं हेही कोणी शिकवलं नव्हतं.

हे भाचीला सांगावं की नाही, कळेना. सांगितलं.

आजीचा जन्म १९२२ चा. म्हणजे १९३० साली ती आठ वर्षांची. ती सांगायची, "त्या साली रामाचं देऊळ बंद होतं गं. रथाच्या दिवशी दगडफेक झाली." ज्या सुरात पुरात गोदाकाठच्या दुतोंड्या मारुतीच्या कुठवर पाणी चढलं ते सांगायची, त्याच सुरात हे. पूर यावा तसं देऊळ बंद झालं होतं जणू. का बंद, कोणासाठी बंद, बाहेर कोण बसलं होतं, यातलं काही तिच्या गोष्टीत नसायचं. ते मला कळलं कॉलेजात असताना, टिळकपथावर 'सावाना'त, म्हणजे नाशिकच्या सार्वजनिक वाचनालयात. बाबांचं कार्ड होतं तिथलं. वाचनालय १८४० सालचं, माझ्या घराण्यात वाचन त्यानंतर पाऊणशे वर्षांनी तरी आलं असेल. तिथे वाचलं की २ मार्च १९३० ला डॉ. आंबेडकरांच्या नेतृत्वाखाली काळाराम मंदिराचा सत्याग्रह सुरू झाला. इथली धुरा दादासाहेब गायकवाडांनी सांभाळली. चारही दरवाज्यांवर तुकड्या बसल्या, त्यांत बायकाही होत्या. हे महिना-दोन महिने नाही, वर्षानुवर्षं चाललं. १९३४ च्या मार्चमध्ये बाबासाहेबांनी दादासाहेबांना पत्र लिहिलं. आशय असा, की लोकांना मूर्तीची पूजा करता यावी म्हणून हा लढा मी उभारला नव्हता. त्यांना आपल्या स्थितीची जाणीव व्हावी, त्यांच्यात बळ यावं म्हणून उभारला होता. पुढच्याच वर्षी, १३ ऑक्टोबर १९३५ ला, इथून दोन-अडीच तासांवरच्या येवल्यात त्यांनी हिंदू म्हणून मरणार नाही असं जाहीर केलं. वाड्यापासून देऊळ चालत पाच मिनिटं. आणि मला हे पुस्तकातून कळावं.

संध्याकाळी तिला सोडायला पंचवटीत गेले तेव्हा म्हणाली, देवळात जाऊ. सांजवातीची वेळ, काळा दगड दिवसभर तापलेला, पायांना उबदार लागत होता. ती दरवाजे मोजत हिंडली. मग विचारलं, "बाहेर ते लोक बसले होते. आणि आत कोण होतं?"

"आपल्यासारखेच."

"म्हणजे वाईट?"

वाईट नव्हते, हीच तर पंचाईत. पहाटे नदीवर आंघोळ करणारे, रामरक्षा पाठ असलेले, दारच्याला जेवू घालणारे. त्यांतले कित्येक चांगले शिकलेसवरलेले, सरकारदरबारी अर्ज इंग्रजीत लिहिणारे. म्हणजे शिक्षण कमी पडलं असंही म्हणता येत नाही. काहींना त्या शिक्षणाचा उपयोग दार बंद का ठेवावं याची कारणं शोधायलाच झाला. मी यातलं अर्धंमुर्धं बोलले. ती म्हणाली, "हे चार मिनिटांत बसणार नाही." खरं आहे.

आईची गोष्ट मात्र बसली असती, ती सांगायची राहिली. आईचं शिक्षण नववीत सुटलेलं. मुक्त विद्यापीठ १९८९ ला नाशकात निघालं. नंतर चार-पाच वर्षांनी चाळिशीतल्या आईने पूर्वतयारी परीक्षा देऊन बी.ए.ला नाव घातलं. दुपारी भांडी आवरली की फरशीवर पुस्तकं पसरायची. तिला किती मार्क पडले आठवत नाही. एक दुपार आठवते. जुन्या कपड्यांवर भांडी देणारी बोहारीण आली, पाणी मागितलं. आजी तांब्या घेऊन उठतेय तोवर आईने फडताळातला स्टीलचा पेला भरून तिच्या हातात दिला. घरचा, आम्ही सगळे प्यायचो तोच. बोहारीण क्षणभर पेल्याकडे बघत राहिली. आजी दोन दिवस आईशी बोलली नाही. बाबांनी पेपर जरा वर धरला. आईने भाषण दिलं नाही, पुस्तकातलं काही ऐकवलं नाही, पेला इतर भांड्यांबरोबर घासला आणि पालथा घातला. तिसऱ्या दिवशी आजीने त्याच पेल्यात चहा मागितला. तो राग गेला म्हणून की नजर अधू झाली होती म्हणून, देव जाणे. मी पहिलं धरून चालते.

आता माझं. मी एम.कॉम. गंगापूर रोडला नवव्या मजल्यावर फ्लॅट, दोन लिफ्ट. मागच्या महिन्यात सोसायटीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर सूचना आली: 'घरकाम करणाऱ्या महिला व डिलिव्हरीवाल्यांनी कृपया फक्त डावीकडची लिफ्ट वापरावी. सहकार्याबद्दल धन्यवाद.' भाषा किती सभ्य. 'कृपया' आहे, 'धन्यवाद' आहे. ओंजळीत पाणी ओतताना आजी निदान समोर उभी असायची.

आमच्याकडे येतात त्यांना आम्ही सगळे मावशी म्हणतो. भाचीही मावशीच म्हणते. परवा उजवीकडची लिफ्ट उघडी असताना त्या डावीकडचीची वाट बघत उभ्या होत्या. हातात आमच्याच घरची कोथिंबीर. मी उजवीकडच्या लिफ्टमध्ये होते. "या ना," म्हणाले. "जाऊ द्या ताई, कॅमेरा आहे," म्हणाल्या. दार बंद झालं.

हे भाचीला सांगितलं नाही. स्पर्धा शुक्रवारी आहे. तिने निघताना पहिलं वाक्य खोडलं, आणि मला विचारलं, दुसरं कुठलं टाकू? रात्री फोन करते म्हणाले होते. केला नाही.

आत्ता ग्रुप उघडून ती सूचना परत शोधली. खाली सतरा अंगठे आहेत. चौथा माझा.