केबल होगचे पाणी

सॅम पेकिनपा या दिग्दर्शकाचे नाव निघाले की बोलणे ‘द वाइल्ड बंच’पाशी येऊन थांबते, त्याच्या पुढच्याच वर्षी, १९७० साली, आलेला त्याचा ‘द बॅलड ऑफ केबल होग’ मात्र फारसा कोणी आवर्जून पाहत नाही, याचे मला मनापासून वाईट वाटते.

साथीदारांनी पाणी लुबाडून वाळवंटात सोडून दिलेला होग देवाशी हुज्जत घालत दिवसचे दिवस चालतो आणि अगदी संपत आलेला असताना त्याला आपल्या बुटाला लागलेला चिखल दिसतो. हे दृश्य कोकणातल्या माणसाला समजावून सांगावे लागत नाही. पावसाळ्यात कातळावरून धो धो वाहून गेलेले पाणी वैशाखात विहिरीच्या तळाशी कळशीभर उरते, आणि नवी विहीर खणताना पहारीला ओला जांभा लागला की काठावरची सगळी माणसे एकदम गप्प होतात. होगचे काम करणाऱ्या जेसन रॉबर्ड्सच्या चेहऱ्यावर मला तीच शांतता दिसली.

पुढे होग तिथली दोन एकर जमीन नावावर करून घेतो आणि येणाऱ्या-जाणाऱ्या घोडागाड्यांना पाणी विकू लागतो. पैसे द्यायला नकार देणारे पहिलेच गिऱ्हाईक त्याच्या गोळीने मरते, आणि त्यानंतर थोड्याच वेळात आपण पुन्हा हसत असतो. होगचा जिच्यावर जीव जडतो त्या गावातल्या वेश्येवर, हिल्डीवर, रेंगाळणारा कॅमेरा आज खटकतो, भरधाव पळवलेले विनोदी प्रसंगही थोडे लांबले आहेत. पण स्टेला स्टीव्हन्सने हिल्डीला दिलेला मान त्या सगळ्याला पुरून उरतो.

मग एक मोटार येते आणि पाण्यासाठी न थांबता निघून जाते. बोटी बंद झाल्यावर हर्णै, जयगड, वेंगुर्ला या बंदरांचे काय झाले हे ज्यांनी घरच्या वडीलधाऱ्यांकडून ऐकले आहे, त्यांना या साध्या प्रसंगातला घाव लगेच कळेल. ज्या रस्त्याने होगला जगवले, त्याच रस्त्याने आलेली दुसरी मोटार अखेर त्याचा जीव घेते.

ते मरणही पेकिनपाने विलक्षण दाखवले आहे. खाटेवर पडलेला होग आपल्या धर्मोपदेशक मित्राला सांगतो की माझ्या अंत्यविधीचे प्रवचन आत्ताच कर, मला ऐकायचे आहे. फक्त मला संत ठरवू नकोस आणि अगदी खालीही ढकलू नकोस. उपदेशक झालेला डेव्हिड वॉर्नर बोलू लागतो, होग मन लावून ऐकतो, आपणही हसत ऐकतो, आणि ते प्रवचन न थांबता चालू असतानाच आपण त्याच्या थडग्यापाशी उभे असतो.