ज्वालेच्या पोटातले चुंबकत्व

मे २०२४ मध्ये साताऱ्यात आमच्या गच्चीवर लहान दुर्बिणीतून पांढऱ्या पुठ्ठ्यावर सूर्याची प्रतिमा पाडली, तेव्हा त्यावर शाईचे शिंतोडे उडावेत तसा डागांचा मोठा पुंजका दिसला. (सूर्याकडे रोखलेल्या दुर्बिणीला डोळा कधीही लावू नये, हे सांगितलेच पाहिजे.) पृथ्वी फिरत असल्याने प्रतिमा सारखी सरकत होती आणि मुलगी तिच्यामागे पुठ्ठा सरकवत होती. मध्येच तिने विचारले, "बाबा, तिथं चुंबकत्व आहे हे मोजलं कसं?"

डागांपुरते उत्तर सोपे आहे. चुंबकीय क्षेत्रात वर्णपटातली, म्हणजे प्रकाशाच्या रंगपट्ट्यातली, रेषा दुभंगते, हे पीटर झीमन यांना १८९६ मध्ये आढळले आणि त्याच्याच आधारे जॉर्ज एलरी हेल यांनी १९०८ मध्ये सौरडागांतले क्षेत्र मोजले. मोठ्या डागात ते सुमारे ३,००० गॉस भरते (गॉस हे चुंबकीय क्षेत्र मोजण्याचे एकक). पृथ्वीचे जेमतेम अर्धा गॉस.

सौरज्वालेची, म्हणजे सूर्यावरच्या अचानक उसळणाऱ्या स्फोटाची, ऊर्जा मात्र डागांच्या वर, सूर्याच्या सर्वांत बाहेरच्या वातावरणात म्हणजे प्रभामंडलात मोकळी होते आणि तिथे ही पद्धत तोकडी पडते. दहा लाख अंशांहून अधिक तापमानात अणू इतक्या वेगाने धावतात की त्यांच्या रेषाच पसरट होतात, आणि क्षेत्रही डागांपेक्षा क्षीण असल्याने त्या पसरटपणात दुभंग हरवून जातो. शिवाय प्रभामंडलाचा प्रकाश खालच्या तेजस्वी पृष्ठभागाच्या सुमारे दहा लाखांश असतो.

वाट दाखवली ती ज्वालेनेच. तिच्यात प्रचंड वेग मिळालेले इलेक्ट्रॉन चुंबकीय बलरेषांभोवती गिरक्या घेत सूक्ष्मतरंग बाहेर टाकतात, आणि कोणत्या वारंवारतेला ते किती तीव्र आहेत यावरून तिथल्या क्षेत्राचा अंदाज बांधता येतो. १० सप्टेंबर २०१७ रोजी सूर्याच्या पश्चिम कडेला उसळलेली प्रचंड ज्वाला कॅलिफोर्नियातल्या ओवेन्स व्हॅली इथल्या अँटेनांनी अशीच अनेक वारंवारतांवर टिपली. २०२० मध्ये प्रसिद्ध झालेल्या तिच्या विश्लेषणात प्रभामंडलातले क्षेत्र सुमारे दोन मिनिटे, सेकंदाला सुमारे ५ गॉस या गतीने घटताना दिसले. माझ्या मते या सगळ्या कथेतला सर्वांत मोलाचा आकडा हाच, कारण ज्वाला चुंबकीय ऊर्जेवर पेटते हे सिद्धान्त कधीपासून सांगत होता. इथे ती ऊर्जा खर्ची पडताना मोजता आली.

मुलीने पुठ्ठ्याच्या कोपऱ्यात १२० गुणिले ५ मांडले, उत्तर ६०० आले, आणि पृथ्वीच्या क्षेत्राशी ताडून तिने त्याखाली लिहिले: बाराशे पट.