घुबड पाळायचंय म्हणणाऱ्या भाच्याला

"मावशी, घुबड पाळता येतं का गं?" असं तू विचारलंस आणि फोनवर बोलणं अर्धवट राहिलं, म्हणून इथे सविस्तर लिहिते. मी जखमी पक्ष्यांच्या केंद्रात काम करते हे तुला माहीत आहेच. तिथे येणारे बरेच जण हेच विचारतात, आणि पक्ष्यावरच्या प्रेमापोटीच विचारतात. तेव्हा हे उत्तर त्यांच्यासाठीही.

कायद्याचं आधी उरकते. भारतात १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने घुबड किंवा ससाणा घरी ठेवायला बंदी आहे. अमेरिकेत शिकारी पक्षी शिकवायचा तर परीक्षा द्यावी लागते आणि जाणत्या माणसाच्या हाताखाली उमेदवारी करावी लागते. ब्रिटनमध्ये मात्र पिंजऱ्यात जन्मलेलं घुबड रीतसर विकत घेता येतं. म्हणून कायदा हे माझं मुख्य कारण नाही. जिथे चालतं तिथेही मी नकोच म्हणेन.

आमच्याकडे एक गव्हाणी घुबड आहे, नर. कुणीतरी त्याला पिल्लू असताना घरी नेऊन हाताने भरवलं, आणि तो मोठा झाल्यावर आवरेना म्हणून आमच्याकडे आणून सोडला. कोवळ्या वयात जो सांभाळतो त्याचीच जात ती आपली, असं या पिल्लांच्या मनावर कायमचं बसतं. प्राण्यांच्या वागण्याचे अभ्यासक कोनराड लोरेन्झ यांनी १९३५ मध्ये बदकांच्या-हंसांच्या पिल्लांबद्दल हे मांडलं होतं. आमच्या नराला दुसरं घुबड म्हणजे परका प्राणी वाटतो. विणीच्या हंगामात तो त्याला दिलेला मेलेला उंदीर चोचीत धरून माझ्याकडे येतो आणि माझ्या बुटावर ठेवतो. गव्हाणी घुबडाचा नर मादीला असंच खाऊ घालतो. मी काही तो उंदीर खात नाही, म्हणून तो पुन्हा उचलतो, पुन्हा ठेवतो आणि किंचाळतो. दुसरा कुणी स्वयंसेवक आत आला की त्याच्या डोक्यावर झेपावतो, कारण तो त्याला प्रतिस्पर्धी वाटतो. बघणारे म्हणतात, "केवढा माणसाळलाय!" त्याला जोडीदार कधीच मिळणार नाही आणि त्याला मोकळं सोडताही येणार नाही. ओळखीची माणसं शोधत तो कुणाच्या तरी अंगणात उतरेल आणि मार खाईल. त्या घरच्यांनी त्याचे लाडच केले होते, उपाशी कधी ठेवलं नव्हतं. तरी त्याचं हे असं झालं.

कुरवाळल्यावर डोळे मिटून घेणाऱ्या घुबडाचा व्हिडिओ तू पाठवला होतास. ते सुखावलंय असं आपल्याला वाटतं. पण घाबरलेलं घुबड अंग आक्रसून ताठ उभं राहतं आणि डोळे बारीक करून स्तब्ध होतं, म्हणजे शत्रूला ते दिसू नये. शिवाय घुबडाला अगदी जवळचं नीट दिसतच नाही. त्याचे डोळे नळीसारखे लांबट आणि खोबणीत घट्ट बसलेले असतात, ते फिरत नाहीत, म्हणून तर मान २७० अंशांपर्यंत वळते. चोचीजवळचं भक्ष्य ते चोचीभोवतीच्या राठ केसांसारख्या पिसांनी चाचपतं. तुझा हात त्याच्या तोंडाशी येतो तेव्हा त्याला काहीतरी धूसर अंगावर येताना दिसत असतं. जपानमधल्या घुबड कॅफेंत पायाला दोरी बांधून बसवलेल्या पक्ष्यांना हे दिवसभर सोसावं लागतं, तेही झोपेच्या वेळेत.

खाण्याचं तर विचारूच नकोस. घुबडाला अख्खं जनावर लागतं, केस, हाडं, आतडी सगळ्यासकट. नुसतं सोललेलं मांस दिलं तर कॅल्शियम मिळत नाही. खिम्यावर वाढवलेली पिल्लं आमच्याकडे येतात ती वाकलेल्या पायांनी, आणि ती हाडं पुन्हा सरळ होत नाहीत. म्हणजे घरच्या फ्रीजरमध्ये कायम मेलेले उंदीर. न पचलेलं सगळं ते गोळा करून तोंडावाटे टाकतं. असा एक वाळलेला गोळा मी शाळेच्या मुलांसमोर चिमट्याने सोडवते. करड्या केसांच्या गुंत्यातून नखाएवढी कवटी निघते, तिचे पुढचे दात नारिंगी. मुलं श्वास रोखून बघतात. असा गोळा पडला नाही तर पक्षी आजारी आहे असं आम्ही धरतो. हे काम मला मनापासून आवडतं, पण तुझ्या दिवाणखान्यात ते रोज, पंधरा-वीस वर्षं करावं लागेल.

फ्लॉरेन्स नाइटिंगेल यांनी १८५० मध्ये अथेन्सला एक लहानसं घुबड मुलांच्या तावडीतून सोडवलं, त्याचं नाव अथेना ठेवलं आणि खिशात घेऊन फिरल्या. त्यांची क्रिमियाच्या युद्धावर जायची गडबड चालू असताना घरच्यांनी अथेनाला पोटमाळ्यावर ठेवलं. तिथे ती मेली. पेंढा भरलेली अथेना आजही लंडनच्या संग्रहालयात आहे. जीव लावणाऱ्या माणसालाही कधीतरी दूर जावं लागतंच.

ससाण्याबद्दल मी इतकं सरसकट बोलणार नाही. ससाणे शिकवून शिकार करण्याची कला फार जुनी आहे, २०१० मध्ये युनेस्कोने ती अमूर्त वारशाच्या यादीत घेतली. ती माणसं पक्ष्याला रोज ग्रॅममध्ये तोलतात, रोज उडवतात, आणि उडवलेला पक्षी परत येईलच याची खात्री नसते हे त्यांना मान्य असतं. त्यांच्याबद्दल मला आदर आहे. पण पक्ष्याने लाड करून घ्यावेत अशी त्यांची अपेक्षा नसते, आणि सगळं आयुष्य त्या पक्ष्याच्या वेळापत्रकावर चालतं.

तू म्हणालास, पिंजऱ्यातच जन्मलेल्याला बाहेरचं काय माहीत? न्यूयॉर्कच्या सेंट्रल पार्कमधल्या प्राणिसंग्रहालयात फ्लॅको नावाचं गरुड-घुबड होतं. २०१० चा जन्म, तोही मानवी देखरेखीखालचा, आणि पुढची सगळी वर्षं लहानशा पिंजऱ्यात. २ फेब्रुवारी २०२३ ला कुणीतरी पिंजऱ्याची जाळी कापली आणि ते बाहेर पडलं. सुरुवातीला त्याला धड उडताही येईना. दोन आठवड्यांच्या आत ते उंदीर मारून खाऊ लागलं. आयुष्यभरात एकदाही न केलेली गोष्ट त्याच्या अंगात शाबूत होती. आपण पिंजऱ्यात ठेवतो ते हे सगळं अंगात असलेल्या पक्ष्याला. वर्षभराने ते इमारतीवर आपटून मेलं, आणि तपासणीत त्याच्या शरीरात कबुतरांकडून आलेला विषाणू आणि उंदीर मारायचं विष, दोन्ही सापडलं.

तुला घुबड जवळून बघायचंय ना? मग पेटी लावू. गव्हाणी घुबड स्वतः घरटं बांधत नाही, आयती कोरडी अंधारी जागा शोधतं, म्हणून लाकडी पेटीत ते खुशाल राहतं. इस्रायलमध्ये १९८३ पासून शेतांत अशा पेट्या लावतात, उंदरांचा बंदोबस्त घुबडांवर सोपवून. पेटी उंचावर हवी, तोंडापुढे उडायला मोकळी जागा हवी, आणि एकदा लावली की आत डोकावायचं नाही. कदाचित पहिली काही वर्षं कुणी येणारही नाही. पिल्लं झालीच तर रात्रभर फुसफुसतील, तेव्हा शेजाऱ्यांना आधी सांगून ठेव. आणि तुमच्याकडे कोपऱ्याकोपऱ्यात ठेवलेलं उंदरांचं औषध आधी बंद कर. विष खाल्लेला उंदीर मंदावतो आणि घुबडाला सगळ्यात आधी तोच सापडतो. ते बंद करणं जमणार नसेल तर पेटी लावू नकोस.